ह्यांच्या आवाजाबाबत

मी, खाली सही करणारी, कवळ्या बनवण्यात हयात घालवलेली विधवा बाई, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहिते. हात थरथरतो, डोकं नाही.

राहतं घर मुलगा आणि मुलगी दोघांना समान. साचे, घासायची मोटर आणि अवजारं भाचीला. तिने हा व्यवसाय निम्म्यावर सोडला, पण हात चांगला आहे.

माझा फोन मुलीने घ्यावा आणि न उघडता फोडून टाकावा. तो मुलाच्या हाती लागू नये. कारण लिहिणं भाग आहे.

हे अतिदक्षता विभागात होते. मला आत सोडत नसत, म्हणून हे फोनवर आवाजी निरोप पाठवायचे. शेवटच्या निरोपात म्हणाले, "मला फार भीती वाटतेय गं. पोरांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही. हे गेल्यावर मुलाने माझ्या फोनमधून तो निरोप स्वतःकडे घेतला आणि संगीत लावून ह्यांच्याच खात्यावर टाकला.

मी म्हटलं, "काढून टाक ते."

"आई, लोक रडतायत ऐकून. बाबा बघ किती जणांपर्यंत पोचले!"

"ते फक्त माझ्याशी बोलले होते रे."

त्याने काढलं, पण तोवर ते कुठल्या कुठे पसरलं होतं. मी दातांच्या दवाखान्यात कवळी द्यायला गेले, तर बाकावरच्या अनोळखी मुलीच्या फोनमधून हे म्हणाले, "भीती वाटतेय गं." माझ्या हातून डबी पडली. ती उचलून देत मुलगी म्हणाली, "आजी, तुम्हीपण ऐकलंय का हे?"

मुलगा वाईट नाही. त्याला बाप सोडवत नाही. ह्यांच्या नावाने तो लोकांना शुभेच्छा देत राहिला. माझ्या वाढदिवसाला मलाही आल्या, शेजारी ह्यांचा हसरा फोटो. पुढचं ताट तसंच राहिलं.

सबब, माझ्यामागे माझ्या नावाने कोणी एक अक्षर लिहू नये, माझा फोटो बोलता करू नये. माझं खातं लगेच बंद करावं.

ह्यांचंही. मुलाने शेवटी पासवर्ड माझ्या हवाली केला, म्हणाला, "तूच बंद कर." मी बसले. फोनने विचारलं, कायमचं बंद करायचं का? मला जमलं नाही. ते मुलीने स्वतःच्या फोनवरून करावं, पासवर्ड ह्या कागदामागे लिहिला आहे; आणि करताना ह्यांचा निरोप समोर आला तरी ऐकू नये.

मी रोज ऐकते.

सही : (स्वहस्ते)
साक्षीदार : १. शेजारचे औषधविक्रेते २. दवाखान्यातील परिचारिका. बाईंनी आम्हां दोघांदेखत वाचून सही केली.
ठिकाण : राहतं घर
दिनांक : १४ मार्च