विमानाच्या काचेवरची वाफ

सोमवार, ४ मार्च

आज दुपारी नव्या जागेवर आलो. जागा मनासारखी आहे. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या: पुढची कामाची, मागची राहायची, मध्ये दार. कामाच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी आहे, त्यामुळे दिवसभर सारखा उजेड. लांब टेबल, भिंगाचा दिवा, नव्याकोऱ्या ब्रशांचा डबा. डबा उघडून मी उगीचच दोनदा वास घेतला.

तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. छापील पाट्या आल्या आणि हातची अक्षरं बसली. बायको अकरा वर्षं तिच्या भावाकडे राहते आहे, कारण माझं बिऱ्हाड एका जागी कधी टिकलंच नाही. आता पन्नाशीच्या तोंडावर हे छोट्या प्रतिकृती बनवायचं काम मिळालं. संग्रहालयाचे साहेब म्हणाले, हे एक विमान नीट उतरवून दाखवा, लगेच कायम करतो. ही चोवीस तारखेला येणार. देवाचा फोटो खिडकीशेजारी लावला आणि हात जोडले.

मंगळवार, ५ मार्च

विमान महायुद्धातलं, लढाऊ, एका माणसाचं. खऱ्याच्या अठ्ठेचाळीसपट लहान. प्लास्टिकचे सुटे भाग पातीने कापायचे, घासायचे, जोडायचे, मग रंगवायचे. आधीच्या कारागिराने पंख आणि धड जोडून ठेवलं आहे. साहेब म्हणाले, तो सोडून गेला. उरलंय ते असं: डाव्या पंखाची फट बुजवणं, हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचा रंग, पायलटचा चेहरा, आणि त्याच्यावर बसवायचं काचेसारखं पारदर्शक झाकण.

झाडायला येणाऱ्या मावशींनी विचारलं, एवढा मोठा माणूस दिवसभर खेळण्याशी काय करता? बायको जेवायला हाक मारेल तेव्हा काय सांगणार, थांब, आधी विमान उतरू दे? मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

शनिवार, ९ मार्च

पंखाच्या फटीने जीव नकोसा केला. पुट्टी भरली, वाळली, घासली, तर मधोमध केसाएवढी चीर. पुन्हा भरली. पुन्हा चीर. चार दिवस गेले. आधीच्याने बहुतेक पंख घाईत जोडला. दुसऱ्याचं बिघडलेलं काम निस्तरण्यासारखी कटकट नाही. साहेब दारातूनच मान घालून विचारतात, झालं का? झालं असतं तर सांगितलं नसतं का!

बुधवार, १३ मार्च

फट बुजली एकदाची. रंगही छान बसला.

आज पायलटचा चेहरा घेतला. अख्खा माणूस अंगठ्याच्या एका पेराएवढा, डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की बारीक रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा. छाती हलली की हात हलतो. आणि डोळे शेवटी. ही भरतकाम करते. सुईत दोरा ओवताना तिचा हात कापायचा, तेव्हा तिलाही मी तेच शिकवलं. आता तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

भुवई, नाक, ओठ झाले. उजवा डोळा झाला. दर रेघेला देवाचं नाव, मग श्वास. मग रेघ. डावा डोळा करणार तोच साहेब फोटोवाल्याला घेऊन आले आणि झाकण लगेच बसवून हवं म्हणाले. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या चार ठिपक्यांवर टेकवलं.

जिने चढलो नाही, ओझं उचललं नाही, तरी संध्याकाळी धाप लागली होती.

गुरुवार, १४ मार्च

झाकण आतून पांढरं झालं आहे. चूक माझीच. झटपट गोंदाचा धूर पारदर्शक प्लास्टिकवर बसतो, हे डबीवरही लिहिलेलं असतं. नवशिक्याही करणार नाही अशी चूक. स्वतःचाच राग आला. झाकण सोडवलं, मऊ कापडाने तासभर घासलं, साध्या पांढऱ्या गोंदाने पुन्हा बसवलं. त्याला धूर नसतो.

शुक्रवार, १५ मार्च

पुन्हा पांढरं.

काढलं. पुसलं. कापडाला ओल लागली. गोंदाचा धूर ओला नसतो.

रविवार, १७ मार्च

तिसऱ्यांदा. या वेळी गोंद लावलाच नाही, नुसतं झाकण टेकवून बसलो. वाफ धरली. मग विरली. मग धरली. थंडीत आरशाजवळ तोंड नेल्यावर धरते तशी, पायलटच्या तोंडासमोर, गव्हाच्या दाण्याएवढी.

साहेबांना बोलावून दाखवलं. ते आले तेव्हा काच लख्ख. त्यांनी माझा चष्मा पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुमची नजर तपासून घ्या. डावा डोळा रंगवून मोकळे व्हा, पंचवीस तारखेला मांडायचं आहे.

मंगळवार, १९ मार्च

डॉक्टरकडे गेलो. छाती स्वच्छ, पण नळीत फुंकायला लावलं तर काटा जागचा हलेना. फुंकर ऐंशी वर्षांच्या माणसाची आहे म्हणाले. विडी किती ओढता विचारलं. आयुष्यात ओढली नाही म्हणालो तर, सगळे असंच म्हणतात, म्हणून हसले. चीड आली. भांडायला दम नव्हता.

परतल्यावर मावशींना आधीच्या कारागिराबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, सोडून गेला म्हणजे नोकरी सोडून नाही हो, जग सोडून. चाळिशीचाही नव्हता. शेवटी शेवटी या खिडकीपर्यंत चालताना दोनदा बसायचा. टेबलावर डोकं टेकलेलं सापडलं, हातात ब्रश तसाच.

त्याने पायलटचा चेहरा सुरू केला होता का? मी भिंगाखाली पाहिलं. मानेच्या कडेला माझ्या रंगाखाली जुना रंग डोकावतो. वेगवेगळ्या हातांचे थर; एक नाही. तीन.

बुधवार, २० मार्च

आज नीट पाहिलं. मी श्वास घेतो तेव्हा काच स्वच्छ. मी श्वास रोखला की वाफ धरते. मी सोडेपर्यंत राहते.

मी थांबतो तेव्हा तो घेतो.

रोखलेला श्वास पूर्ण परत येत नाही. दर रेघेला थोडा तिकडे राहिला.

गुरुवार, २१ मार्च

फोडायचं ठरवलं. अंगठा झाकणावर ठेवून दाबला. माझीच छाती आत गेली, बरगड्या करकरल्या. सोडलं. जमिनीवर पडून होतो, किती वेळ ते कळलं नाही.

देवा, हे काम तुझं नाव घेऊन केलं होतं.

डावा डोळा करणार नाही. नोकरी गेली तरी. एका डोळ्यावर त्याचं एवढं — दोन्ही उघडले तर —

रविवार, २४ मार्च

ही आली. पेटी ठेवायच्या आधी माझ्याकडे पाहून दारातच थबकली. अहो, पत्रात तर मजेत आहे म्हणून लिहिलंत, हे काय मजेचं तोंड, म्हणाली. खाटेवर निजवलं.

सांगितलं सगळं. तुकड्या तुकड्यांत. एक वाक्य, मग दम. तिने कपाळाला हात लावला, ताप आहे म्हणाली. विमानाला हात लावू नको, असं बजावलं. बरं म्हणाली. ती बरं म्हणते तेव्हा ऐकलेलं नसतं. तीस वर्षांचा अनुभव.

सोमवार, २५ मार्च

सकाळी साहेब. पुढच्या खोलीत तिच्याशी बोलले. एक डोळा राहिलाय, एवढ्यासाठी दुसरा माणूस बोलवावा लागेल, खोल्याही मग —

ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत होईल. त्यांनी नाही केलं तर —

हाक मारली. तोंडातून आवाजच निघाला नाही.

दुपार

डोळा लागला होता. जाग आली तर मधलं दार उघडं. ती टेबलाशी. पाठ माझ्याकडे. झाकण काढून बाजूला. सर्वांत बारीक ब्रश.

उठता येत नाही. हाक मारायला वारा लागतो. तो नाही. लिहायला लागत नाही म्हणून —

तिचे खांदे स्थिर झाले. श्वास रोखलाय. मीच शिकवलंय.

सोडला. पुन्हा घेतला. तिने छातीवर हात ठेवला — नुसता, सहज — आणि परत वाकली —

वही जाडजूड आहे. पुठ्ठ्याची. खाट ते टेबल, दारातून सरळ, पाच पावलं. नेम तिच्या हाताचा नाही, हात चुकला तर उद्या पुन्हा करेल. विमानाचाच. फुटलं की माझंही — ठीक आहे. ती दचकेल, श्वास सोडेल, एवढं पुरे.

देवा, एकच श्वास. फेकण्यापुरता. ती परत रोखते आहे, आता —