सादियाच्या रेघा आणि तुझी विभूती

तीर्थरूप शिवम्मा अक्काच्या पायी अहमदपूरहून शरणप्पाचा शरणार्थ.

तुझे गुडघे बरे असतील (नसले तरी तू सांगायची नाहीस, आपल्या घराण्याचं वळणच तसं). माझं पोट ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, जठराच्या कॅन्सरात हा लिम्फोमा नावाचा प्रकार क्वचितच सापडतो. आपल्या खानदानात दुर्मिळ वस्तू पहिल्यांदाच आली, तीही माझ्या पोटात.

लातूरला वीस दिवस किरणांचा शेक घेतला. शेक देणारी सादिया तुझ्या लेकीएवढी, पण हात काय सांगू. पोटावर शाईने तीन रेघा आखल्या. त्यांवर यंत्राचा उजेड जुळला की मगच किरण सुटायचे. चाळीस वर्षं कापड मोजतोय, पण सूतभर न चुकणारी अशी नजर पाहिली नाही. जठर फुगू नये म्हणून चार तास उपाशी जायचं. पहिल्याच दिवशी मी तिला भुकेवर भाषण दिलं. तिचा रोजा होता, पहाटेपासून पाणीसुद्धा नाही, हे मला निघताना दुसऱ्याच कुणी सांगितलं. लाज वाटली अक्का. पुन्हा भुकेचं नाव काढलं नाही.

घोळ चौथ्या दिवशी झाला. तू पाठवलेली विभूती अंघोळीनंतर पोटावर चांगली चोळायची, असं तूच बजावलं होतंस. मी थोरल्या बहिणीचं ऐकणारा माणूस (नको तिथे जास्तच). चोळून चोळून शाईच्या रेघा पार गेल्या आणि त्या जागी माझी तीन पांढरी बोटं उमटली. सादियाने विचारलं, तर मी म्हणालो, घामाने झालं असेल.

"मामा, तुमचा घाम लई पांढरा हाय की," ती म्हणाली.

मग पुन्हा मोजमाप, पुन्हा रेघा, दोन तास गेले. पोरीच्या कपाळावर आठी नाही. शेवटी एवढंच बोलली, "कपाळ तुमच्या देवाचं मामा, पोट माझं. वीस दिवस पुरे होईस्तोवर तिथं कुणी हात लावायचा न्हाई." तेव्हापासून विभूती फक्त कपाळाला.

मला भीती अशी कधी वाटली नाही. यंत्राखाली मी निवांत डोळे मिटून पडायचो.

तुझा धाकटा,
शरणप्पा

ता. क. सोमवारी नांदेडचे डॉक्टर दुर्बीण घालून पोट बघणार आहेत. आजार गेला की राहिला, ते तेव्हा कळेल. मंजुश्री सोबत असते. नवऱ्याची काळजी बायकोने करावी, तू गुडघे घेऊन यायची काही गरज नाही.

पुन्हा ता. क. जळकोटहून सकाळची पहिली एसटी पकड. विभूती आण आणि तूच लाव. तीन दिवस झाले, माझ्या हाताने कपाळावर रेघ सरळ येईना.