दादांच्या रक्ताचा रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ
आखाडा बाळापूर

रिपोर्ट चांगला आला. हे आधी लिहून टाकते, बाकीचं मग.

दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, हिंगोली-वाशिम रस्त्यावर आयुष्यभर एसटी चालवली. त्याच रस्त्यावर, कनेरगाव नाक्याला, गेल्या महिन्यात त्यांनी मोटरसायकल थांबवून मला विचारलं, "आता कुणीकडं जायचं?" तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

अल्झायमरमध्ये वाढणारं एक प्रथिन असतं, ते बघायला नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त पाठवलं होतं. आज आत गेल्यावर मी त्यांना हळूच खूण केली, मला एकटीला बाहेर सांगा म्हणून. दादांनी बराबर पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, डोकं माझं हाय. मलाच सांगा."

डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "प्रथिन वाढलेलं नाही. थोडं विसरणं आहे, पण ते लवकर वाढत जाईल असं रक्तावरून वाटत नाही. हमी मात्र नाही. वर्षाने पुन्हा बघू."

मग नाक्यावर तसं काहून झालं असेल? झोप कमी, बी-बारा जीवनसत्त्वही कमी, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. हमी नाही हे मला टोचायला हवं होतं, पण टोचलं नाही.

घरी आलो तर आई दारातच उभी. मी सांगायला तोंड उघडलं, तर दादांनी हातानंच थांबवलं. खाटेवर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं, हमी नसल्याचंसुद्धा. काहीच सुटलं नाही.

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत आले आणि पोटभर रडून घेतलं.