ताईची गाडी, तीस दिवस

सोमवार, ३
ताईची गाडी अजून माझ्या दारात! ऑफिसच्या ट्रेनिंगला सीमेपलीकडून ऐटीत गाडी घेऊन आली, मुक्काम मात्र हॉटेलात. माझ्याकडे फक्त चहा. निघायच्या दिवशी कंबर धरली, गाडी इथे टाकली आणि गेली ट्रेनने. आता शेजारचे विचारतात, "नवी घेतली का?" नाही हो. माझी ती तेरा वर्षांची डबडी, कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली.

परदेशी नंबरची गाडी इथे तीस दिवस ठेवता येते. एकतिसाव्या दिवशी जप्त. आज बाविसावा.

मंगळवार, ४
आईचा फोन, ताईच्या घरून. सहा वर्षं माझ्याकडे राहणारी आई "पंधरा दिवस थोरलीकडे जाऊन येते" म्हणून गेली, त्याला तीन महिने झाले. म्हणे, "तूच आण ना गाडी. मग बघू माझ्या येण्याचं."

मग बघू!

मागून ताईचं हसणं ऐकू आलं. काय झालं विचारलं, तर "काही नाही गं, आमचं आपलं." आमचं! दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी येऊन स्वतः दातओठ खायचे.

बुधवार, ५
ताईचं परवानगीपत्र आलं. दुसऱ्याची गाडी सीमेपार न्यायची तर मालकाच्या सहीचं पत्र लागतं. सुंदर वळणदार अक्षर. शाळेत त्या अक्षरापायी मी कमी बोलणी खाल्ली नाहीत.

गुरुवार, ६
जळते मी. घे, लिहून टाकलं. गाडीवर नाही, घरावर नाही. त्या "आमचं"वर.

शुक्रवार, ७
रजा मिळाली, उद्या निघायचं. आज नुसतं गाडीत बसून बघितलं. सीटशेजारी तीन बटणं – ज्याची त्याची बसायची जागा लक्षात ठेवतात. एक दाबलं: ताई, ऐसपैस. तीन दाबलं: भाऊजी, जवळपास आडवे! दोन दाबलं, तर सीट सरकत सरकत पुढे, शिवाय उंचही – माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले. एवढं बुटकं त्यांच्या घरात कोण आहे? मूलबाळ तर नाही.

शनिवार, ८
सीमेवर पावणेदोन तास रांगेत. खिडकीतल्या बाईंनी पत्र बघितलं, मग विम्याचा कागद उलगडला. "चालक तिघं आहेत. मालकीणबाई, त्यांचे मिस्टर, आणि ह्या कोण?"

आईचं नाव. आईचं!

"चुकून पडलं असेल," मी म्हटलं. "माझी आई रस्ता ओलांडताना माझा दंड सोडत नाही."

"चुकून कसं पडेल? लायसन्सचा नंबर आहे. दीड महिन्यापूर्वीचं."

मागून हॉर्नवर हॉर्न. कशीबशी पुढे गेले, पहिल्या पेट्रोल पंपावर थांबले आणि ढसाढसा रडले. चार वर्षांपूर्वी आईने मलाच विचारलं होतं, "मला शिकव ना गाडी." मी भाजी चिरत होते. मान वरही न करता म्हटलं, "या वयात? हाडं मोडून घेशील." पुन्हा विषय काढला नाही तिने. आणि ताईने शिकवली! आता कशाला येतेय ती माझ्याकडे?

ताईच्या घरी पोचल्यावर आईने तोंडावरून हात फिरवला. मी नीट बोललेसुद्धा नाही.

रविवार, ९
जेवताना आई उठून आत गेल्याबरोबर तोंड सोडलंच. "पळवलीस ना तिला? गाडीचं आमिष दाखवून!"

ताईने हातातला डाव आपटला. "मी पळवली? आल्या दिवसापासून शिकवली. दोनदा नापास झाली, दोनदा रडली. पास झाली तरी स्वतः गाडी चालवत तुझ्या दारात पोचेपर्यंत तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. बाजारात जाऊ म्हटलं तर नको. तळ्याकडे जाऊ म्हटलं तर नको. एकच रस्ता पाठ करायचाय तिला, तुझ्या घराचा! वहीत वळणं लिहून काढलीत. माझी गाडी, माझं पेट्रोल, शेजारी मी, आणि तोंडात काय तर 'धाकटीकडे पोचायला डावीकडे ना गं?'"

आणि रडायला लागली. ताई! हिची कंबर दुखते, हिला चांगलं अक्षर आहे, आणि ही माझ्यावर जळते! मी पाण्याचा ग्लास पुढे केला. आतून कपाटाचा आवाज येत होता. आई पिशवी भरत होती.

सोमवार, १०
बटण दोन. आई स्टिअरिंगमागे, मी शेजारी जीव मुठीत धरून. सीमेवर त्याच बाई. "ही गाडी परवाच परत आली ना?"

"हो. आता पुन्हा तीस दिवस मिळतील ना?" आई म्हणाली. "महिनाअखेर थोरली येईल न्यायला. मग धाकटी जाईल आणायला. असंच चालू द्यायचं."

बाईंनी शिक्का मारला. आईने गिअर टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "या खेपेला हॉटेल नाही. सांगितलंय मी तिला."

घरी आल्या आल्या मी जादाची गादी उन्हात टाकली.