नवरीच्या झग्याचं माप

३ जून
पोचले एकदाची! ताईने लग्नाआधी ज्या घरात नोकरी केली, तिथेच आता मी. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. त्यासाठी ताईने स्वतःची शाळा सोडली. गेल्या महिन्यात तिने नव्या ड्रेससाठी हौसेने माझं माप घेतलं, मग इथे येऊन माझ्यासाठी शब्द टाकला. ड्रेस अजून व्हायचाय. ऐन उन्हाळ्यात तिच्या बाह्या मनगटापर्यंत! थंडी विकत घेतलीस का, म्हणून चिडवलं. हसली नाही.

मालकीणबाई प्रेमळ आहेत. त्यांच्या घराण्यातल्या एका नवरीचा दीडशे वर्षांपूर्वीचा पोशाख मला सांभाळायचाय. उरलंय थोडंच: पायघोळ रेशमी झगा, डोक्यावरची जाळी, एकच हातमोजा, दुसरा हरवलाय.

५ जून
जुनं रेशीम घडीवरच चिरतं. खाली अस्तर धरून बारीक टाके घालायचे. बाईंचा हुकूम, काम उघड्या हातांनीच. जुनी वस्त्रं जपायच्या कोर्सात मला शिकवलंय ते याच्या उलट, हातमोजे घालूनच. पण आल्या आल्या शहाणपण कशाला पाजळायचं?

९ जून
काल बाहीवर जी चीर होती, ती आज सापडेना. मी टाका घातलाच नव्हता. बाई म्हणाल्या, तुझ्या हाताला गुण आहे गं. माझ्या कोपराच्या घडीत मात्र कातडी चिरलीय. रक्त नाही.

१४ जून
झगा नव्यासारखा दिसतोय. मूळ दोरा पिवळा पडलाय, पण कमरेची शिवण नव्या दोऱ्याने आवळलीय. टाके उलटे झुकलेले, डावखुऱ्या हाताचे. असेच टाके ताईने शिवलेल्या माझ्या शाळेच्या गणवेशाला होते.
टेप लावली. कंबर माझी. छाती माझी. खांदा —
ते माप ड्रेससाठी नव्हतंच.

१५ जून
ताईला फोन केला. आधी रडली. मग म्हणाली, माझी कोपरं कधी बघितलीस का? लग्न करून तिथून निघाले तरी चिरा थांबल्या नाहीत; दुसरीचं माप दिल्याशिवाय सुटका नाही. तुला शिकवलं ना मी, मग एवढं तरी —
मी फोन ठेवला.

१६ जून
दार उघडत नाही. आता गुडघ्यांवर, मानेवरही चिरा. बाई मायेने म्हणतात, तुला धाकटी बहीण आहे ना? तिचं माप सांग नि जा घरी.
धाकटीचे कपडे मीच शिवते. माप तोंडपाठ आहे.
नाही सांगणार.

१७ जून
झगा माझ्या अंगावर आहे. मी घातला नाही. खरंच, मी नाही घातला. बटणं पाठीवर आहेत — एकेक लागतंय — बाई तर समोर बसल्यात, हात मांडीवर — हरवलेला दुसरा हातमोजा, तो माझ्या खांद्याव