जिथं दिली तिथं हुडक

रहिमतपूर,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस मालनआत्याचे अनेक आशीर्वाद. लेक बरी असंल, जावई बरं असतील, तुज्या सासूचं गुडघं बरं असतील. झाली खुशाली. आता राग ऐक.

चौदा पानं! चौदा पानं तू मला त्या मिखाएलची धाडलीस. त्येची जमीन कुठनं कुठवर, त्येनं कोठार कसं बांधलं, घोड्याचं नाव काय ठेवलं, म्हातारपणी त्येची दाढ कशी दुखली. पावणेतीनशे वर्सांमागच्या माणसाची दाढ तुमाला गावती. आन त्येच्या थोरल्या भणीला किती? एक वळ. मी तीन डाव बगितलं, मागचं पान चिकटलंय का म्हणून नखानं सोडवून बगितलं. एकच वळ. "मुलगी मार्गारेटा हिला नऊ वर्षांच्या करारावर एका गिरणीवाल्याकडे ठेवले, पुढचा पत्ता लागत नाही."

पत्ता लागत न्हाई म्हंजे? पोरगी हाय का सुई हाय?

तुजी सासू बाउमानांच्या घराण्याचं पुस्तक छापतीया, चांगलं करतीया. तू माज्यासाठी त्येचं मराठी केलंस, ते बी चांगलं. मी चौथीतनं काढल्याली बाई, पर सगळं वाचलं. मला काय कळलं ते सांगते, चुकत असंल तर सांग. त्यांचा मूळपुरुष योहान. जर्मनीतला, आपल्या तासगावासारख्या द्राक्षाच्या मुलखातला. सतराशे एक्कावन सालात बायको आन तीन पोरं घिऊन बोटीत बसला. भाडं भरलं नव्हतं, उतरल्यावर राबून फेडायचं असा त्या बोटीचा रिवाज. बायको आन धाकटं पोरगं वाटंत दर्यात गेलं, तर मेल्याल्यांचं भाडं बी ह्येच्याच बोकांडी. फिलाडेल्फियाच्या धक्क्याला बोट लागली, गावातली माणसं बोटीवर चढून, दंड चाचपून राबायला माणसं निवडायची. तवा योहाननं बारा वर्सांची मार्गी गिरणीवाल्याला दिली, आन दहा वर्सांच्या मिखाएलचा हात धरून मोकळा खाली उतरला. त्या मोकळ्या मिखाएलपासनं तुमचा समदा वंश.

कसला मूळपुरुष? पोरगी देऊन पोरगा सोडवणारा बाप मूळपुरुष व्हय! आमच्याकडं असल्याला दलाल म्हणत्यात. सासूला सांग, मालन म्हणाली म्हणून.

ही पानं मी नूरजहांच्या दुकानात बसून लिवतीया. नूरजहां म्हंजे पेठंतली शिवणकाम करणारी, माजी मैत्रीण. घरात फोन तुज्या मामाचा, माज्या घरधन्याचा, आन त्येचा नेम असा की स्पीकरवर टाकल्याबिगर मी बोलायचं न्हाई. ब्लाऊज शिवायला टाकायचं निमित्त करून आले. ती फोटू काढून तुला धाडंल. उत्तर तिच्याच फोनवर. आमच्या घरच्या फोनवर चुकून बी न्हाई.

दिवाळीत आमच्याकडं हेळवी आला हुता. आपल्या पिढ्या म्हणून दाखवणारा हेळवी तुला आठवत असंल, तवा बैलावर यायचा, आता मोटरसायकलीवर येतो. वही काढली आन तुज्या मामाच्या अकरा पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. मी पायली धान्य घातलं आन म्हणाले, माज्या सृष्टीचं नाव घाल. तर हसला. "आक्का, लेकी परक्या वेलीवर जात्यात. त्यांच्या मागं आमी कुटं हिंडायचं?" म्हटलं, आता तुला गाडी हाय की! तुजा मामा सोप्यातनं ओरडला, "आत जा."

तुमच्या बोटीच्या यादीचं बी तसंच. तूच लिवलंयस, सोळा वर्सांवरचं बापय तेवढं लिवलं, बाया-पोरं लिवलीच न्हाईत. मग मार्गीला बापाच्या घरात कशाला हुडकतीस? बाई हुडकायची तर जिथं दिली तिथं हुडक. गिरणीवाल्याचं कागद बग. त्येच्या देवळाच्या वह्या बग. कोर्टात गेला का, कुणावर ओरडला का, ते बग. देणारा इसरतो. घेणारा इसरत न्हाई, त्येला काम करून घ्यायचं असतं.

आमच्याकडची नावं मागितलीस. तुज्या लेकीला दोनी अंगांची वंशावळ पायजे म्हणतीस. मग हे लिव. तुजा बा, माजा नाथादादा, त्येला कोण पोरगी देत नव्हतं. माज्या नवऱ्याला बी कोण देत नव्हतं. मग दोघांनी एकमेकांच्या भणी केल्या. साटंलोटं. तुजी आई हिकडनं तिकडं माधवनगरला, मी तिकडनं हिकडं रहिमतपूरला. तवा मी सोळाची. म्हणून मी तुजी आत्या बी हाय आन मामी बी. हे सासूला इंग्रजीत समजावून सांग. तिचं तोंड मला बगायचंय.

माज्या ऋषिराजचं लगीन जमत आलंय. वाईकडचं घर हाय. एकाच मांडवात दोन कार्यं उरकायची म्हणत्यात. सृष्टी बरी हाय. बाकी लिवण्यासारखं काय न्हाई.

मार्गीचं आदी बग.

तुजी आत्या आणि मामी,
मालन

---

रहिमतपूर,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस आशीर्वाद.

गावली! नूरजहांनं आमच्या दारावरनं जाताना हाक मारली, "मालन, ब्लाऊजचं माप चुकलंय, ये." मी पीठ मळलेल्या हातानं गेले. तिनं तुजं वाचून दाखवलं. मी परत वाचाय लावलं. मग आणखी एकदा.

सहा वर्सं राबली आन पळाली. अठरा वर्सांची व्हती. आन त्या गिरणीवाल्यानं वर्तमानपत्रात जायरात दिली. तू लिवलंस ते मला पाठ झालंय. जर्मन नोकर मुलगी, नाव मार्गारेटा, बुटकी, खांद्यानं रुंद, डाव्या भुवईवर व्रण. अंगात घरी विणलेला निळा घागरा, पायात पुरुषाचे जोडे. इंग्रजी मोडकंतोडकं. बोलायला उद्धट. जो धरून आणील त्याला बक्षीस.

नूरजहां म्हणाली, "पुरुषाचं जोडं! म्हंजे लांब जायाची तयारी. आन उद्धट? ही तुजीच कोण तरी."

बापाच्या घरात तिला एक वळ. धरायला निघालेल्या धन्यानं तिची भुवई सुदीक लिवली. ती पळाली म्हणून तर ती कशी दिसत व्हती ते आज तुला कळलं. घरात गप राबत बसली असती तर कोण लिवणार व्हतं?

धरली का ते म्हाईत न्हाई म्हणतीस. तीन आठवडं जायरात आली, मग बंद. नूरजहां म्हणती, "गावली तरी बंद, न्हाई गावली तरी बंद." ती शिवणारी हाय, दोनी बाजूनं टाका घालती. माजं मन सांगतंय न्हाई गावली.

आता मागच्या पत्रात जे लिवलं न्हाई ते लिवते.

ऋषिराज बत्तीसचा झाला. सत्तावीस पोरी बगितल्या. शेती करतो म्हटलं की पोरीकडचं लोक चहा बी पुरता पिऊ देत न्हाईत. इचारत्यात, पुण्यात फ्लॅट हाय का. आमच्याकडं म्हस हाय. पोरगं चांगलं हाय गं, दारू न्हाई, तंबाखू न्हाई. हल्ली जेवताना मान वर करत न्हाई. आईला ते बगवत न्हाई, हे तुला लेक मोठी झाल्यावर कळंल.

वाईकडचं पाव्हणं आलं. त्यांच्यातला पोरगा शंभूराज चौतीसचा, त्येचं बी जमत न्हाई. त्येची बहीण बावीसची. बोलणं फिसकटलं, पाव्हणं टोप्या घालून उठायला लागलं. ऋषिराज दाराच्या चौकटीला टेकून हुबा व्हता. त्येचं तोंड बगितलं आन माज्या तोंडातनं गेलं, "आमच्यात बी एक पोरगी हाय की."

मी बोलले. तुजा मामा न्हाई, तुजा बा न्हाई. मी.

पाव्हणं परत बसलं. तुज्या मामानं माज्याकडं बगितलं, छत्तीस वर्सांत पैल्यांदा खुशीनं. म्हणाला, "बग, कवातरी शाण्यासारकं बोललीस." मग नाथादादाला फोन. त्यो म्हणाला, "काय वाईट हाय? आमचं काय वाईट झालं?" आता रविवारी, तेवीस तारखेला, नाथादादा वडीलकीनं बसणार आन सुपारी फोडणार. एकदा सुपारी फुटली की आमच्याकडं शबूद परत घेत न्हाईत.

सृष्टी साताऱ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्साला हाय. तिला होस्टेलातनं बोलवून घेतलं. ती म्हणाली, "दादासाठी व्हय?" मी व्हय म्हणाले. रडली न्हाई, भांडली न्हाई. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या ड्रेसची घडी हातात घिऊन आली आन इचारलं, "हे परत नेऊ का हितंच ठिऊ?" मी पोळीकडं बगत राहिले. पोळी करपली. त्या वाईच्या पोरीला तरी कुणी इचारलं असंल का, ते मी इचारलं न्हाई.

योहानला दलाल म्हणाले ते पत्र सासूला दाखवू नको. मी त्येच्याच जागी बसलीया. त्येला दर्या आडवा व्हता, मागं जायला वाट नव्हती. मला काय व्हतं? टोप्या घालून उठल्यालं चार पाव्हणं.

आता कराडचं सांगते. हे तुज्या आईनं तुला सांगितलं नसणार, ती वचनाची पक्की व्हती.

लगीन होऊन तिसरं वर्स. मी हितनं पळून माधवनगरला आले. का आले ते लिवत न्हाई. चार दिवस झालं, तर तुजा मामा आला आन तुज्या आईला ट्रंकंसकट उचलून रहिमतपूरला घिऊन गेला. "आमची पाठवा, मग तुमची न्या." तू पोटात, पाचवा म्हैना. नाथादादा दोन दिवस जेवला न्हाई. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मालन, आवर."

कराडच्या स्टँडवर अदलाबदल ठरली. आमी सांगलीकडनं आलो, ती दोघं हिकडनं. दोघं बापय चहाला गेलं. आमी दोघी तिच्या ट्रंकंवर बसलो. माज्याकडं सांगलीचं भडंग व्हतं, ते तिनं सगळं खाल्लं, तिला डोहाळं लागलेलं. आन खाता खाता म्हणाली, "मालन, तू न्हाई म्हण. मी बी न्हाई म्हणते. दोघी हितंच बसून ऱ्हाऊ. काय करत्यात बगू."

मी तिच्या पोटाकडं बगितलं. म्हटलं, "उठ वैनी. गाडी लागली."

तुला मोकळं उतरवायला मी चढले त्या गाडीत. उपकार म्हणून सांगत न्हाई. तेहतीस वर्सांत बोलले न्हाई, आन आज बोलायची येळ आली नसती तर मसणात घिऊन गेले असते. पर मिखाएलची चौदा पानं तू लिवलीस, तवा ध्यानात घे, आमच्या अंगाला मिखाएल तू हायस.

तुजी आई गेली त्येला दोन वर्सं झाली. ती व्हती तवर मी हलले की ती ओढली जायाची. आता त्या टोकाला कोण न्हाई. तरी मी हितंच बसलीया. सवय वंगाळ. दाराची कडी काढली तरी म्हस दावणीलाच हुबी ऱ्हाती, तसं.

आता तुजं काम. तुजा मामा कुणाचंच ऐकत न्हाई, नाथादादा माजं ऐकत न्हाई. तुजं ऐकतो. अमेरिकेतल्या लेकीचा फोन आला की मळ्यातनं पळत येतो. त्येला फोन लाव. गोड बोलू नको. सांग, "आबा, मला कराडचं कळलंय." एवढंच बोल आन गप बस. त्येला बोलू दे. मग सांग, सुपारीला हात लावायचा न्हाई. वडीलच बसला न्हाई तर वाईवाल्यांचं पाव्हणं बी बसणार न्हाईत. ऋषिराज मला जलमभर बोलंल. बोलू दे. त्येला आई हाय बोलायला, सृष्टीला कोण हाय?

आन तू म्हणशील, आत्या, मी परदेशात, तुमच्या घरच्या भानगडीत कशी पडू. तर आताच सांगते, मग पुस्तक छापू नको. पावणेतीनशे वर्सांमागची पोरगी हुडकायची आन आताची सोडून द्यायची, असली वंशावळ मला नको. माजं नाव त्यातनं काढ.

तू फोन केलास न्हाई, तर शनिवारी सकाळच्या एस्टीनं मी सृष्टीला साताऱ्याला होस्टेलात सोडणार. पांढरा ड्रेस तिच्या पिशवीत मी घातलाय, तिला अजून सांगितलं न्हाई. आन तिला सोडून मी हिकडं परत येणार न्हाई. कराडवरनं फुडं माधवनगरला, नाथादादाच्या दारात जाऊन बसणार. ह्या डावाला मला परत न्यायला बदल्यात द्यायची बाई त्यांच्याकडं न्हाई.

तुज्या मामानं जायरात दिलीच तर बरोबर द्यायला सांग. बाई, वय बावन्न, उंची बेताची, अंगानं वाळकी. डाव्या मनगटापासनं कोपरापतुर भाजल्याची खूण. ती कशाची ते मामाला इचार, त्येला म्हाईत हाय. अंगात हिरवं पातळ, नूरजहांनं शिवलेला ब्लाऊज, पायात लेकाचं बूट. बोलायला उद्धट.

नूरजहां दुकान शुक्रवारी रात्री आठला बंद करती. तवर मी तिच्या मशीनजवळ बसून हाय. तुजं व्हय का न्हाई, ते शुक्रवारी आठच्या आत मला कळलं पायजे. आशीर्वाद, गोड पापा, असलं काय लिवू नको. व्हय का न्हाई.

तुजी आत्या
(मामी लिवलं न्हाई, बगून ठेव.)