उरावर आलेली पाठ

दि. ३ जून

ती. दादास शि. सा. न.

जखमा भरल्या, बेकरीत परत जाऊ लागले. कॅन्सरपायी काढलेल्या स्तनाच्या जागी डॉक्टरांनी माझ्या पाठीचा स्नायू काखेखालून वळवून बसवला, ते तुला ठाऊकच आहे. पण त्या स्नायूला अजून वाटतं, आपण पाठीतच आहोत. कणीक ओढायला हात मागे घेतला की छाती टुणकन उडते. बेकरीतल्या बायका तिला बेडूक म्हणतात, मीही हसते. ह्यांना मात्र शिसारी येते. परवा मी चादर ओढली, तर तोंड फिरवून म्हणाले, मेलेलं जनावर हलल्यासारखं वाटतं. नस कापली तर उडणं थांबेल, पण मग मांस आटत जाईल, असं डॉक्टर सांगतात. ह्यांनी सोमवारची वेळ घेऊन टाकलीय. तू काय म्हणतोस? कविता पाठवू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ठकू

दि. ६ जून

चि. सौ. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र जेवताना उघडलं. ताट सारावं लागलं. खोटं कशाला बोलू, मलाही शिसारी आली. शाळेत मास्तर टेबलावर बोटांनी ताल धरून कविता म्हणून घेत, तेव्हा वाटे, देह म्हणजे चंद्र, कमळ, फार तर हरिणीचे डोळे. काखेखालून वळवलेलं मांस कुठल्या वृत्तात बसवू? पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा किळस आली ती मेहुण्यांची. तू मरणाच्या दारातून परत आलीस, आणि या गृहस्थांना अडचण कसली, तर बेडकाची. तरी संसार तुझा आहे. स्वतःसाठी जाणार असशील तरच जा. मी येईन, बाहेर बाकावर बसेन, कविता मनातल्या मनात म्हणेन.

इकडची काळजी नको, तिकडची कळव.
तुझा दादा

दि. ११ जून

ती. दादास शि. सा. न.

आता यायची गरज नाही, सोमवारी मी गेलेच नाही. रविवारी ह्यांना म्हटलं, कापण्याआधी एकदा हात तरी लावून बघा. लावला. छाती जराशी हलली. ह्यांनी हात झटकला, मोरीत गेले आणि साबण लावून लावून धुतला. मी नळाचा आवाज ऐकत बसले. पू भरलेल्या पट्ट्या मी महिनाभर स्वतः सोडल्यात, दादा, पण इतकी घाण कशाचीच वाटली नव्हती. उठले, ह्यांची गादी धरली आणि ओढत बाहेरच्या खोलीत नेली. ओढताना छाती एकसारखी उडत होती, आणि हे ओले हात घेऊन दारात उभे होते; बघण्यावाचून इलाज नव्हता.

लोभ आटू देऊ नकोस.
ठकू